जुनी फोर-बाय-फोर : किंमत, कर्ज आणि वायरिंग

मोटारगाडी ही दिवसेंदिवस घटत्या मूल्याची मालमत्ता आहे, हे वाहन कर्जाचा अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. विमापत्रातील घसाऱ्याचा तक्ताच ते सांगतो. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीच्या किमतीतून ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के वजा केले जातात. सर्वसाधारण हॅचबॅक वा सेडान गाड्यांचा जुना बाजार थोड्याफार फरकाने याच उतरणीवरून खाली येतो. फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचवणारी गाडी, मात्र हा तक्ता फारसा मानत नाही. दहा वर्षांच्या जिप्सीला विक्रेता जी किंमत सांगतो ती ऐकून नवखा ग्राहक चकित होतो आणि घासाघीस करू लागला की दुसराच कोणी येऊन ती गाडी घेऊन जातो.

ही किंमत टिकते ती प्रामुख्याने लोखंडाच्या बळावर. शिडीसारख्या मजबूत चासीवर बसवलेली बॉडी, जाड ॲक्सल आणि साधे गिअर यांमुळे या गाड्यांचा सांगाडा दीर्घायुषी असतो. परंतु त्याच गाडीतील विद्युत यंत्रणा त्या वेगाने वय मोजत नाही. ती लवकर म्हातारी होते. बाजार लोखंडाचे पैसे घेतो आणि तांब्याच्या तारांची प्रकृती कोणी विचारत नाही. बचतीतून किंवा कर्ज काढून जुनी फोर-बाय-फोर घेणाऱ्या आपल्या ग्राहकाचे नुकसान बहुधा याच ठिकाणी होते, म्हणून या लेखात किमतीबरोबर वायरिंगचाही विचार केला आहे.

किंमत कशामुळे टिकते आणि कशामुळे कोसळते

पहिले कारण दुर्मीळता. मारुती जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये बाजारात आली आणि २०१९ साली सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. त्यानंतर चांगल्या स्थितीतील जिप्सींची संख्या वाढण्याचा मार्गच उरला नाही. टाटा सफारीचेही तसेच झाले. १९९८ साली आलेल्या मूळ सफारीत फोर-बाय-फोरचा पर्याय मिळत असे. २०२१ साली त्याच नावाने आलेली नवी सफारी केवळ पुढच्या चाकांवर चालणारी आहे. साहजिकच डोंगराळ भागात राहणारा, शेतमळ्यावर चिखलातून जाणारा किंवा हौसेने रानावनात भटकणारा ग्राहक जुन्या गाडीकडे वळतो.

दुसरे कारण उपयुक्तता. दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांगहून ३,६३६ मीटर उंचीवरील संदकफूपर्यंत पर्यटकांची ने-आण १९५० च्या दशकातील लँड रोव्हर गाड्यांनी कित्येक दशके केली. त्या गाड्यांची किंमत कोणत्याही घसाऱ्याच्या कोष्टकात बसणारी नव्हती. त्या चढावर मालकाचे पोट ज्या गाडीवर चालते तीच तेथे मोलाची. (जाता जाता एक गंमत : १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंतच्या लँड रोव्हरमध्ये बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक असते. हे न जाणता अशा गाडीत नवा रेडिओ वा एलईडी दिवा जोडला, तर तो पहिल्याच क्षणी निकामी होण्याची शक्यता असते.)

तिसरे कारण तात्पुरत्या टंचाईचे. ऑक्टोबर २०२० मध्ये नवी महिंद्र थार आली तेव्हा नोंदणीनंतर महिनोन्महिने थांबावे लागत होते. त्या काळात थोडी वापरलेली थार जवळजवळ नव्या गाडीच्या किमतीत विकली जात असे. असा भाव कायमचा समजून जो गाडी घेतो तो फसतो. जानेवारी २०२३ मध्ये केवळ मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार आली, ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची थार रॉक्स आली आणि हौशी खरेदीदारांची मोठी रांग तिकडे सरकली.

नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीची उतरतेच, याचे उत्तम उदाहरण मारुती जिम्नीचे आहे. जून २०२३ मध्ये तिची प्रारंभिक एक्स-शोरूम किंमत १२.७४ लाख रुपये होती. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने काढलेली थंडर आवृत्ती १०.७४ लाखांपासून मिळू लागली. जूनमध्ये गाडी घेतलेल्या ग्राहकाने ती गॅरेजमध्ये झाकून ठेवली असती, तरी सहा महिन्यांत तिचे बाजारमूल्य जवळपास दोन लाखांनी घटले असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत मोठ्या एसयूव्ही गाड्यांवरील एकूण करभार सुमारे ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला आणि टोयोटाने फॉर्च्युनरच्या किमती ३.४९ लाखांपर्यंत कमी केल्या. जुन्या फॉर्च्युनरचा भाव त्याआधीच्या व्यवहारांवरून ठरवणाऱ्या विक्रेत्याला हे सांगण्यास ग्राहकाने संकोच करू नये.

दिल्लीच्या गाड्यांबद्दल स्वतंत्र दोन शब्द आवश्यक आहेत. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवण्यास असलेली मनाई ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये केवळ वयावरून कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश झाला. डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण भारत स्टेज ४ आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित करण्यात आले. या अनिश्चिततेमुळे तेथील सुस्थितीतील स्कॉर्पिओ, सफारी, फॉर्च्युनर स्वस्तात इतर राज्यांत येत राहिल्या आहेत. इंदूर, नागपूर वा हैदराबाद येथील ग्राहकाला सांगितलेली किंमत आकर्षक वाटते; पण ना-हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्यातील मोटार वाहन कर आणि फेरनोंदणी यांचा खर्च मिळवल्यावर तो आकर्षकपणा पुष्कळ ओसरतो. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्कही एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, तर वीस वर्षांपुढील गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले.

आणखी एक सावधगिरी. मागच्या दारावर ‘४×४’ असा बिल्ला चिकटवला म्हणजे गाडी फोर-बाय-फोर होत नाही. स्कॉर्पिओ, बोलेरो, थार अशा अनेक गाड्या दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या आहेत आणि दोहोंच्या किमतीत मोठी तफावत असते. गाडीखाली वाकून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट प्रत्यक्ष पाहावा आणि नोंदणी प्रमाणपत्रातील मॉडेलचे नाव तपासावे. हरियाणातील डबवालीसारख्या ठिकाणी जुन्या भागांतून नव्याने बांधलेल्या जीप प्रसिद्ध आहेत, त्या देखण्याही असतात. मात्र उत्पादकाच्या मूळ रचनेत मूलभूत बदल केलेले वाहन नोंदणीस पात्र नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेला आहे. अशा गाडीवर कर्ज मिळणे दूरच. ती रस्त्यावर आणणेही अडचणीचे.

अर्थिंग : अर्ध्या तक्रारींचे मूळ

आता वायरिंगकडे वळू. प्रथम एक रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती समजली की पुढचे बहुतेक दोष आपोआप उलगडतात. साध्या मोटारीची बॉडी आणि चासी एकसंध असते. फोर-बाय-फोर गाड्यांत बहुधा बॉडी वेगळी आणि ती चासीवर रबरी बुशांवर बसवलेली. इंजिनही रबरी माउंटिंगवर असते. रबर वीज वाहू देत नाही. त्यामुळे दिवे, पंखा, वायपर, स्टार्टर यांतून गेलेला प्रवाह बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतण्यासाठी बॅटरी, इंजिन, चासी आणि बॉडी यांना जोडणाऱ्या दोन-तीन पट्ट्यांवर अवलंबून राहतो. यालाच मिस्त्री अर्थिंग म्हणतात.

या पट्ट्या नेमक्या चिखल-पाण्याच्या जागी असतात. नदीनाले ओलांडणाऱ्या, कोकणातील खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या किंवा चासीला वेल्डिंग करून वरून रंग फासलेल्या गाडीत त्यांच्या खालचा गंज कोणाला दिसत नाही. परिणाम मात्र विचित्र दिसतात. उजवीकडे वळण्याचा इंडिकेटर लावला की हेडलाइट मंद होतो. हॉर्न वाजवला की तापमानाचा काटा हलतो. सेल्फ मारला की इंजिन आळसटपणे फिरते. मालक बॅटरी बदलतो, मग स्टार्टर दुरुस्त करतो, मग अल्टरनेटर. दोष तेथेच राहतो. याहून वाईट म्हणजे परतीची वाट बंद झालेला स्टार्टरचा प्रवाह दुसरी धातूची वाट शोधतो आणि ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जाऊ लागतो. सेल्फ मारल्यावर यांपैकी एखादी केबल गरम लागली, तर निदान त्याच क्षणी झाले असे समजावे.

तपासणी सोपी आहे. साध्या मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारण्यास सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसला तर अर्थिंग सदोष. हाच प्रयोग दिवे लावून बॉडीच्या धातूवर करावा. तेथे हा फरक याहून बराच कमी असला पाहिजे. दोष केवळ पट्टीचा असेल तर दुरुस्ती अत्यल्प खर्चाची असते. म्हणजे हा दोष गाडी नाकारण्याचा नव्हे. उलट, विक्रेत्याला त्याचे कारण ठाऊक नसेल तर किंमत ठरवताना ग्राहकाच्या उपयोगी पडणारा आहे.

बॅटरी आणि अल्टरनेटर

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भारित बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मी उतरलेली आहे. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान राहावा. हेडलाइट, पंखा आणि वातानुकूलन चालू केल्यावरही तो १३ च्या खाली गेला, तर अल्टरनेटर थकला आहे. पंधराच्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी गाडी बॅटरी उकळवते आणि दिवे भराभर जाळते.

काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीमागे बसवलेला असतो आणि त्यात इंजिनाचे तेल फिरते. त्याचे सील गळू लागले की तेल अल्टरनेटरच्या ब्रशांवर जाते. म्हणून अल्टरनेटर तेलकट दिसणे ही किरकोळ बाब मानू नये. तेथे चार्जिंग आणि ब्रेक या दोहोंचा प्रश्न एकाच जागी आहे.

सर्वांत फसवा दोष म्हणजे गाडी बंद असताना बॅटरीतून होणारी गळती. निरोगी गाडीत ती ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी असते. चोरीविरोधी यंत्र, म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर किंवा कोणी तरी बसवून विसरलेला ट्रॅकर यांमुळे ती अर्ध्या अँपिअरवर गेली, तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी १२० तासांत, म्हणजे पाच दिवसांत रिकामी होते. विक्रेता रोज सकाळी गाडी सुरू करत असेल तर खरेदीच्या दिवशी काहीच कळत नाही. अशा वेळी बॅटरीच्या तारेत ॲमीटर जोडून, दारे बंद करून अर्धा तास थांबावे आणि मग आकडा वाचावा. नव्या गाड्यांतील संगणक झोपी जाण्यास तेवढा वेळ घेतात. गडबडीत असलेला विक्रेता येथे कुरकुर करतो. करू द्यावी.

हौसेची किंमत

फोर-बाय-फोर गाडीला नटवण्याची हौस मोठी असते. छतावर एलईडीची पट्टी, पुढे विंच, प्रचंड हॉर्न, दोनशे रंगांचे दिवे. ही आभूषणे विक्रेता किमतीत मिळवून सांगतो. आमच्या मते, पक्के बिल आणि व्यवस्थित जोडणी नसेल तर त्यांसाठी किंमत वाढवू नये, कमी करावी.

कारण साध्या गणितात आहे. मूळ हेडलाइटचा बल्ब ६० वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो ५ अँपिअर घेतो. त्या जागी १०० वॅटचा बल्ब घातला, जो नियमबाह्यही आहे, तर तो सुमारे ८.३ अँपिअर घेईल. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच तारेत ती पावणेतीनपटींहून अधिक होते. रिले न बसवता केलेल्या अशा बदलात प्रथम दिव्यांचे बटण वितळते, मग तारेवरील प्लॅस्टिक. विंचची बाब याहून गंभीर आहे. पूर्ण ताणाखाली ती ३०० ते ४०० अँपिअर खेचू शकते, आणि एवढा प्रवाह वाहून नेणारी जाड केबल फ्यूजशिवाय बंपरच्या पत्र्याला घासत नेलेली आढळते. त्या केबलचे आवरण एखाद्या ठिकाणी झिजले की पुढे काय होईल हे सांगण्यासाठी अभियंत्याची आवश्यकता नाही.

म्हणून बोनेट उघडल्यावर प्रथम बॅटरीच्या धन टोकाकडे पाहावे. तेथून थेट किती तारा निघाल्या आहेत, आणि त्या प्रत्येकीवर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज आहे का? फ्यूजपेटीत फ्यूजऐवजी तारेचा तुकडा अथवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद कोंबलेला दिसतो का? काळ्या टेपचे वेढे जागोजागी आहेत का? मूळ हार्नेस ठिकठिकाणी कापून जोडलेली गाडी कोणत्याही किमतीला घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हार्नेस बदलायचा म्हणजे डॅशबोर्डसह अर्धी गाडी उघडावी लागते आणि जुन्या मॉडेलचा हार्नेस सहजी मिळतही नाही. दीड लाख किलोमीटर धावलेली, पण कंपनीचे वायरिंग अबाधित असलेली गाडी साठ हजार किलोमीटरच्या नटव्या गाडीपेक्षा केव्हाही सरस.

उंदरांचा उल्लेख केला नाही तर हा भाग अपुरा राहील. आठवडेच्या आठवडे उभी राहणारी हौसेची गाडी हे त्यांचे आवडते घर. बोनेटखालच्या कोपऱ्यांत लेंड्या, कुरतडलेला फोम अथवा एखादी नवीच चकचकीत तार दिसली तर चौकशी करावी.

फोर-बाय-फोरची स्वतःची दुखणी

जिप्सीत किंवा जुन्या जीपमध्ये चारही चाके जोडण्यासाठी दांडा असतो. पहिल्या स्कॉर्पिओपासून अनेक गाड्यांत त्याऐवजी डॅशबोर्डवर बटण आले. बटण फिरवल्यावर ट्रान्सफर केसवरील एक छोटी विद्युत मोटार आतले गिअर सरकवते. ही मोटार गाडीच्या पोटाखाली, म्हणजे चिखलाच्या माऱ्यात असते. शहरी मालक वर्षानुवर्षे हे बटण वापरतच नाही. परिणामी मोटार किंवा तिची स्थिती सांगणारा संवेदक गंजून अडकतो. गाडी दोन चाकांवर सुरेख धावते आणि विक्रेताही प्रामाणिकपणे सांगतो की काही तक्रार नाही. पण ज्या एका गुणासाठी ग्राहकाने अधिक पैसे मोजले तोच गुण नाहीसा झालेला असतो.

चाचणी कच्च्या रस्त्यावर वा मोकळ्या मातीत घ्यावी. कोरड्या डांबरावर अशा गाड्या फोर-बाय-फोरमध्ये वळवल्यास गिअरांवर ताण येतो. गाडी संथ चालत असताना ‘फोर हाय’, आणि पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये ‘फोर लो’ लावावे. खालून मोटारीचा आवाज आला पाहिजे, डॅशबोर्डवरील दिवा लुकलुकत न राहता स्थिर झाला पाहिजे आणि लो मध्ये गाडी बैलगाडीच्या गतीने, पण जोमाने चढली पाहिजे. २०१० साली आलेल्या जुन्या थारसारख्या गाड्यांत पुढच्या चाकांचे हब व्हॅक्यूमने जोडले जातात. त्यांच्या बारीक नळ्या फाटल्या तर दांडा टाकूनही पुढची चाके ओढत नाहीत. ती फिरत आहेत की ओढत आहेत हे चढावरच कळते.

डिझेल गाडीत थंड सकाळी इंजिन पेटवण्यास मदत करणारे ग्लो प्लग असतात. मे महिन्यात नागपुरात पाहिलेल्या गाडीत ते सर्व निकामी असले तरी समजत नाही. तीच गाडी डिसेंबरात डेहराडूनला नेली की मालक पांढऱ्या धुरात उभा राहतो. म्हणून रात्रभर थंड राहिलेले इंजिनच पाहण्याचा आग्रह धरावा आणि आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

जुन्या जीपमध्ये एकदा इंजिन सुरू झाले की विजेवाचून काही अडत नसे. डिझेलचा पंप यांत्रिक होता. खेड्यापाड्यांत तशा गाड्यांना आजही मागणी आहे ती याचमुळे. कॉमन रेल इंजिनात मात्र डिझेलचा प्रत्येक थेंब संगणकाच्या आज्ञेने सुटतो, त्यामुळे एक ओला जोडदेखील गाडी रानात थांबवू शकतो. अशा गाडीला स्कॅनर लावून दोषांची नोंद पाहावीच. विक्रीपूर्वी या नोंदी पुसण्याची युक्ती सर्रास चालते. तीस-चाळीस किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅनर लावल्यास खरे दोष परत येतात. तसेच चावी फिरवताच इंजिन, एबीएस व एअरबॅगचे दिवे लागून मग विझले पाहिजेत. लागलेच नाहीत, तर कोणी तरी दिवाच काढून टाकला आहे.

पुरात बुडालेली गाडी हा सर्वांत मोठा धोका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. २०१५ ची चेन्नई, २०१८ चे केरळ, २०१९ ची कोल्हापूर-सांगली येथेही तेच घडले. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या राज्यात विकल्या जातात. पाणी तारेच्या आवरणाखालून केशाकर्षणाने आत शिरते आणि तांबे हिरवे पडून तुटू लागते ते काही महिन्यांनी. सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ आहे का, आसनाच्या रुळांना गंज आहे का, गालिच्याखालचे जोड हिरवट आहेत का, हे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

कर्ज आणि विमा यांतील दरी

येथपर्यंत जुन्या बाजाराची टिकाऊ किंमत आणि नाजूक वायरिंग या दोन गोष्टी वेगळ्या वाटल्या असतील. गाडीने पेट घेतला की त्या एकत्र येतात.

समजा, एका गाडीची आजची नवी किंमत १५ लाख रुपये आहे आणि आपण घेत असलेली गाडी पाचव्या वर्षात आहे. तक्त्याप्रमाणे तिचे विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, ७.५ लाख. बाजारात मात्र ती १०.५ लाखांना मिळते. बँकेने त्यावर ८० टक्के, म्हणजे ८.४ लाखांचे कर्ज दिले आणि २.१ लाख ग्राहकाने स्वतःचे घातले. दोन महिन्यांत शॉर्ट सर्किटने गाडी जळाली. आग आणि स्वयंप्रज्वलन यांना प्रमाणित विमापत्राचे संरक्षण आहे. पण पूर्ण नुकसानीत मिळणार ७.५ लाख, आणि ते नजरगहाण असल्याने प्रथम बँकेकडे जाणार. कर्जाचे जवळपास ९० हजार शिल्लक राहतील आणि स्वतःचे २.१ लाखही गेले. एकूण तीन लाखांचा फटका, आणि दारात गाडी नाही.

याशिवाय निव्वळ विद्युत वा यांत्रिक बिघाड प्रमाणित विमापत्रातून वगळलेला असतो, आणि कंपनीने न बसवलेली विद्युत उपकरणे वेगळी जाहीर करून वाढीव हप्ता भरल्याशिवाय त्यांना संरक्षण मिळत नाही. न कळवलेल्या जोडणीतून आग लागली असेल, तर विमा कंपनी अधिक प्रश्न विचारणार हे गृहीत धरावे. पाच वर्षांपुढील गाडीचे विमामूल्य तक्त्यावर नव्हे, तर ग्राहक आणि विमा कंपनी यांच्या संमतीने ठरते. तेथे हप्ता वाचवण्यासाठी कमी आकडा मान्य करण्याची चूक अनेक जण करतात. फोर-बाय-फोर घेणाऱ्याने तो आकडा बाजारभावाच्या जवळ ठेवण्याचा आग्रह धरावा.

शाखांतील सहकाऱ्यांसाठीही एक सूचना करावीशी वाटते. जुन्या वाहनाच्या मूल्यांकन अहवालात विद्युत यंत्रणेसाठी बहुधा एकच ओळ असते आणि तीत ‘समाधानकारक’ असे लिहिलेले असते. त्याऐवजी बॅटरी व चार्जिंगचे व्होल्ट, फोर-बाय-फोरची चाचणी घेतली की नाही आणि बाहेरून जोडलेली उपकरणे, एवढ्या तीन नोंदी मूल्यांककाकडून मागवल्या, तर ग्राहक आणि बँक या दोघांचे हित साधेल.

कागदपत्रांविषयी थोडेसे

‘वाहन’ संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक घालून नजरगहाणाची नोंद व थकीत दंड पाहावेत. पूर्वीच्या मालकाचे कर्ज फिटलेले असूनही नोंद तशीच राहिलेली अनेकदा आढळते. एप्रिल २०२० मध्ये दहा राष्ट्रीयीकृत बँकांचे विलीनीकरण होऊन चार झाल्या, त्यामुळे नोंदणी पुस्तकावर आज अस्तित्वात नसलेल्या बँकेचे नाव असू शकते. अशा वेळी ज्या बँकेत ती विलीन झाली तिच्याकडून ना-हरकत पत्र आणि सही केलेला नमुना ३५ विक्रेत्यानेच आणून द्यावा. त्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

नमुना २९ आणि ३० वर सह्या करून गाडी ताब्यात दिली की विक्रेता निश्चिंत होतो. प्रत्यक्षात राज्यांतर्गत विक्रीची सूचना त्याने १४ दिवसांत आणि परराज्यातील विक्रीची ४५ दिवसांत देणे आवश्यक आहे. खरेदीदाराने ३० दिवसांत. फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागता येते. दलालाच्या हाती कोऱ्या सह्यांचे नमुने देऊन परतणाऱ्याने एवढे केले तरी पुरे : नोंदणी पुस्तकाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती स्वतःजवळ ठेवावी, आणि महिन्याभराने ‘वाहन’ संकेतस्थळावर मालकाच्या रकान्यातील नाव बदलले आहे का ते पाहावे. दुसरी चावी दिली-घेतल्याची नोंदही त्याच पावतीवर करावी. चोरीविरोधी चिप असलेल्या चावीची प्रत बनवणे स्वस्त राहिलेले नाही.